मार खाणारे इंग्रजी

माझ्या नातवाने इंग्रजीच्या वहीत 'ही एट अ बीटिंग' असे लिहिले. बाईंनी तांबड्या शाईने काट मारली आणि घरी निरोप धाडला: मुलाशी मराठीत बोलणे बंद करा. सुनेने तो निमूटपणे मानला. मी मानला नाही.

चूक झाली हे खरे. पण ती मठ्ठपणाची नव्हे. मराठीत आपण मार खातो, शिव्या खातो. लाचखोर पैसेही खातो. हैदराबादेत शेजारचा उर्दूवाला मारच खातो आणि तेलुगूवालाही 'देब्बलु' खातोच. तिन्ही भाषांचे जिथे एकमत, ते पोराने चौथीत नेऊन पाहिले. सोसणे म्हणजे खाणे ही कल्पना इंग्रजीने इथे घेतलेली नाही, तिथे मार 'मिळतो', एवढेच त्याला सांगायचे होते.

रूपक हा कवींचा दागिना नसून रोजच्या विचाराची घडण आहे, हे जॉर्ज लेकॉफ आणि मार्क जॉन्सन यांनी १९८० साली दाखवून दिले. वेळ म्हणजे पैसा हे कळले, की 'टाइम'ला 'स्पेंड', 'सेव्ह', 'वेस्ट' का चिकटतात ते उमगते. आपणही वेळ खर्चतो, वाचवतो, वाया घालवतो. राग म्हणजे उष्णता: आपले डोके तापते, इंग्रजाचे रक्त उकळते. फ्रँक बोअर्स यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, अशा कल्पनांनुसार गट पाडून शिकवलेले शब्दप्रयोग विद्यार्थ्यांच्या अधिक लक्षात राहिले.

मग शंभर वाक्प्रचारांची यादी घोकायला का लावता? आजी रागावली की काय म्हणते, शेजारच्या चाची काय म्हणतात, ते मुलांनाच गोळा करू द्या. फळ्यावर रकाने आखा. इंग्रजी कुठवर सोबत येते आणि कुठे वाट सोडते, यावर त्यांना भांडू द्या. भांडून मिळवलेला शब्द सहसा विसरत नाही.

कोणी म्हणेल, अशाने मूल मनात भाषांतरच करीत बसेल. अहो, ते आजही करतेच. फक्त धाकापायी चोरून करते. उघड्यावर केले तर फरक तरी दिसेल. व्याकरण आणि वाचन यांना मात्र पर्याय नाही, हेही मान्य.

ज्या शहरात १९५८ साली केंद्रीय इंग्रजी संस्था निघाली आणि २००७ पासून तिचे विद्यापीठ झाले, त्याच शहरात इंग्रजी यावे म्हणून घरातली मराठी बंद करण्याचा सल्ला मिळतो, याला काय म्हणावे?

सीमेवरच्या वाचकांनो, तुमच्याही घरी असा निरोप येईल. इंग्रजी जरूर शिकवा. पण त्यासाठी आजीला मुकी करू नका. नातवाच्या इंग्रजीची पहिली शिदोरी तिच्याच बोलण्यात आहे.