तंबोऱ्याचा धागा

धागा ही घरांतील सर्वांत स्वस्त वस्तु, आणि म्हणूनच सर्वांत दुर्लक्षित. परंतु ज्याचें काम धाग्यावर चालतें त्यास विचारून पाहावें. कृष्णेच्या डोहावर गळ टाकून बसणारा मनुष्य दोरा बोटांत फिरवून व ओढून पाहिल्यावांचून गळास बांधीत नाहीं. आमचे वडील जानव्याचें सूत उजेडाकडे धरून त्याचा पीळ पाहत. आज ज्या धाग्याविषयीं आम्ही लिहिणार आहों तो याहूनही क्षुद्र, अवघा चार बोटें लांबीचा. परंतु त्याच्या पायीं एका सज्जनावर आमच्या हातून अन्याय घडला, म्हणून हा लेखनप्रपंच.

आमच्या घरीं वडिलांनीं मिरजेहून आणलेला एक तंबोरा आहे. मिरज आज सांगली जिल्ह्यांत मोडते. हा जिल्हा १९४९ सालीं ‘दक्षिण सातारा’ या नांवानें निराळा झाला व १९६० सालीं त्यास सांगली हें नांव मिळालें. त्यामुळें आम्हां सातारकरांस मिरज कधींच परकी वाटली नाहीं. तेथील सतारमेकर गल्लींतील कारागिरांचे पूर्वज शिकलगार, म्हणजे हत्यारांस धार लावणारे. तलवारींचे दिवस सरल्यावर, एकोणिसाव्या शतकांत, पटवर्धन संस्थानिकांच्या आश्रयानें ते वाद्यांकडे वळले, व त्यांत फरीदसाहेबांचें नांव प्रथम घेतलें जातें. पंढरपूर-मंगळवेढ्याकडील भोपळे आणि तुणीचें लांकूड यांतून हीं वाद्यें घडतात. विष्णु दिगंबर पलुसकर मिरजेसच बाळकृष्णबुवांपाशीं शिकले आणि १९०१ सालीं त्यांनीं लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढलें. खांसाहेब अब्दुल करीम खां १९३७ सालीं वारले. त्यांस चिरविश्रांति मिरजेच्या दर्ग्याच्या आवारांतच मिळाली. मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास २०२४ सालीं भौगोलिक मानांकनही लाभलें.

आतां आमची हकीकत सांगतों. नातीनें गाणें शिकावयास घेतलें, तेव्हां माळ्यावरचा तंबोरा आम्ही खालीं काढला. तारा गंजल्या होत्या, घोडी झिजली होती. मिरजेस नेऊन एका वृद्ध कारागिराकडून तारा बदलून घेतल्या व जवारी काढून घेतली. त्याच्या दुकानांत वाद्य असें घुमलें कीं, आमच्या सौभाग्यवतींच्या डोळ्यांस पाणी आलें. परंतु घरीं आणून आठ दिवस होतात न होतात तोंच आवाज बसला. जोडाच्या तारा जणूं पत्र्यावर वाजत होत्या आणि खर्ज तर मुकाच. आम्हांस राग आला. दुकानांत एक आणि घरीं एक, ही लबाडीच होय, असें आम्ही शेजारीं दोघांपाशीं, देवळांत एकापाशीं व बंधूंच्या घरीं सर्वांदेखत बोललों. नात बिचारी मोबाइलमधील तंबोरा लावून बसूं लागली. खरा तंबोरा कोपऱ्यांत गेला.

दिवाळीच्या सुटींत तक्रार घेऊन पुनः मिरज गांठली. वृद्धानें तार छेडली, घोडीवर दृष्टि टाकली आणि शांतपणें विचारलें, “मास्तर, हे दोरे कोणीं घातले?”

आम्हीं घातले होते! तंबोरा पुसतांना मूळचे धागे गळून पडले होते, तेव्हां सूनबाईंच्या शिवणयंत्रावरील रिळाचा गुळगुळीत पॉलिएस्टर दोरा कापून आम्हींच तारांखालीं सरकवला होता. धागा तो धागा, अशी आमची समजूत. वृद्धानें ते चारही काढले, डबींतून मऊ सुती धागा घेतला, तारेखालीं घातला आणि दोन्ही टोकें धरून तो केसकेस पुढेंमागें सरकवीत तार छेडूं लागला. एका ठिकाणीं आवाज एकाएकीं उमलला! त्यानें पैसे घेतले नाहींत. आम्हांस त्याच्याकडे पाहवेना.

याचें कारण समजून घेण्याजोगें आहे. तंबोऱ्याची घोडी अणकुचीदार नसते. तिची पाठ रुंद व किंचित् उतरती असते. धाग्यामुळें तार त्या पाठीपासून केसभर उचलली जाते, आणि छेडली असतां पाठीस क्षणोक्षणीं शिवते व सुटते. या स्पर्शांतून उपस्वरांची झुळूक उठते. तार जेथें छेडावी तेथें ज्या उपस्वराचा स्थिरबिंदु येतो तो उपस्वर उमटूं नये, असा पाश्चात्य शास्त्रज्ञांचा नियम. परंतु तंबोऱ्यांत तोही उमटतो, हें सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनीं १९२१ च्या सुमारास दाखवून दिलें. तें श्रेय घोडीच्या घडणीचें व या इवल्याशा धाग्याचें.

म्हणून ज्यांच्या घरीं तंबोरा असेल त्यांनीं पुढील गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. धागा सुती घ्यावा. तो मऊ असतो व तारेखालीं बेताचा दबतो. मात्र तारेच्या दाबानें त्यास खांच पडते, म्हणून तो अधूनमधून बदलावा. रेशमी धागा अधिक टिकतो व चालतोही. नायलॉन किंवा पॉलिएस्टरचा दोरा निसरडा व कठीण, तो जागा सोडतो. जाडीविषयीं नियम इतकाच कीं, जाड धाग्यानें तार फार उचलली जाऊन स्वर कोरडा होतो, फार बारीक धाग्यानें ती घोडीस चिकटून भणभणते. खर्जाची तार जाड, म्हणून तिच्यासाठीं धागाही किंचित् जाड लागूं शकतो. एकाच रिळांतून चारी तुकडे कापण्याचा हट्ट धरूं नये. सूत पदरी असेल तर एकेक पदर उकलून जाडी कमी करून पाहावी. खळ दिलेलें सूत आधीं धुवून वाळवावें.

तार आधीं सुरांत मिळवावी, मगच धागा सरकवावा. कारण तार चढउतार केली कीं धाग्याची जागाही बदलते. घाई करूं नये. शोधूनही जागा सांपडली नाहीं, तर घोडीची पाठच झिजली असें समजावें आणि वाद्य कारागिराकडे न्यावें. घरीं कानस घेऊन घोडीस मुळींच हात लावूं नये.

तीस वर्षें आम्ही वर्गांत पोरांस सांगत आलों कीं, उत्तर चुकलें तर आधीं आपली पाटी पाहा, मग शेजाऱ्याची. तें आम्हांस या वयांत एका वृद्धाच्या डबींतील सुतानें शिकविलें. परत आल्यावर प्रथम शेजारीं गेलों, मग देवळांत, मग बंधूंच्या घरीं, आणि जेथें जेथें त्या कारागिराची निंदा केली होती तेथें तेथें आपली चूक आपल्याच तोंडानें सांगितली. बंधु हंसले, वहिनी मात्र म्हणाल्या, “भावोजी, हें त्यांसही लिहून कळवा.” तसें पत्र त्याच रात्रीं लिहिलें. हल्लीं पहाटे नात जोडाच्या तारांखालीं धागा स्वतः बसविते आणि खर्जाच्या तारेसाठीं आम्हांस हांक मारते.