मुक्काम कुठे करायचा?

बुलढाणा जिल्ह्यात दरवर्षी बाहेरगावची हजारो कुटुंबे येतात. कोणी पिंपळगाव सराईजवळ हजरत सैलानी बाबांच्या दर्ग्याला, कोणी शेगावला, कोणी सिंदखेडराजाला जिजाऊंचे जन्मस्थान पाहायला, तर कोणी मुलांना लोणारचे सरोवर दाखवायला. घरातून निघताना डबा, औषधे, जानमाज सगळे आठवणीने घेतले जाते. मुक्कामाचे मात्र “तिथे गेल्यावर बघू” असते. सोबत म्हातारी अम्मी, तरुण मुलगी आणि झोपेला आलेली लेकरे असतील, तर रात्री दहाला अनोळखी गावात खोली शोधणे फार जड जाते.

हल्ली लॉजऐवजी घरगुती मुक्कामाकडे लोकांचा ओढा वाढला आहे. घरमालक आपल्याच घरातल्या एक-दोन खोल्या पाहुण्यांना देतो आणि सकाळचा नाश्ताही घरचाच असतो. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाने यासाठी ‘न्याहारी व निवास’ योजना आणली. केंद्र सरकारच्या अशाच योजनेत घरात जास्तीत जास्त सहा खोल्या पाहुण्यांसाठी ठेवता येतात आणि मालकाचे कुटुंब त्या घरात राहत असावे लागते. ही दुसरी अट सर्वांत महत्त्वाची आहे. जिथे कुटुंब राहते तिथे जबाबदार माणूस असतो. त्याला शेजारी ओळखतात आणि त्याला गावात अब्रू सांभाळायची असते. नुसत्या फ्लॅटची किल्ली कुंडीखाली ठेवून गेलेला मालक ‘घरगुती’ म्हणवतो, पण रात्री नळाला पाणी आले नाही तर तो फोनही उचलत नाही.

म्हणून फोटो पाहून पैसे भरू नका, आधी फोन करा. शक्य असेल तर घरातल्या बाईशी बोला. पाच मिनिटांच्या बोलण्यात घर बरेचसे कळते. तुम्ही स्वतः तिथेच राहता का? नोंदणीचे प्रमाणपत्र आहे का? खोली तळमजल्यावर आहे का? संडास-न्हाणीघर खोलीला लागून आहे का? दाराला आतून कडी आहे का? कॅमेरे असतील तर ते कुठे लावले आहेत? उन्हाळ्यात पाण्याची काय सोय? आपल्या जिल्ह्यात एप्रिल-मे महिन्यांत हा प्रश्न विचारावाच लागतो. वजूपुरते आणि लेकरांच्या आंघोळीपुरते पाणी मिळेल ना, हे स्पष्ट विचारण्यात संकोच नको. चांगला यजमान अशा प्रश्नांनी चिडत नाही. जो चिडतो, त्याने तुमचे काम सोपे केले असे समजा.

आपले नाव, गाव आणि माणसे किती हेही पहिल्याच फोनवर सांगा. नाव ऐकून एखाद्याच्या खोल्या अचानक ‘भरतात’, हा अनुभव आपल्यातल्या अनेकांना आहे. संविधानाच्या कलम १५ प्रमाणे धर्म, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांमुळे कोणालाही हॉटेलात मज्जाव करता येत नाही. तो हक्क जरूर मागावा. पण लेकरांना रात्री दारात उभे करून तो मागण्याची पाळी येऊ नये. नकार यायचाच असेल तर तो आठ दिवस आधी फोनवर यावा. खरे सांगायचे तर मोकळेपणाने विचारले की मोकळेपणाने होकार देणारी घरेही पुष्कळ भेटतात. सैलानीच्या यात्रेला सगळ्या धर्मांचे लोक येतात, हे या जिल्ह्याला नवीन नाही.

जेवणाचेही तसेच. यजमान शाकाहारी असेल तर त्याच्या स्वयंपाकघराचा मान राखा, बाहेरून मटण-बिर्याणी आणून त्याच्या खोलीत उघडू नका. पोहे, आलुबोंडा, भाकरी-पिठले यात काही कमी नाही. मांसाहार हवा असेल तर तो हलाल आहे का, हे आधीच विचारून घ्या.

आता पैशांचे. एकूण भाडे, त्यात नाश्ता आहे की नाही, जास्तीच्या गादीचे किती आणि बेत रद्द झाला तर किती परत मिळणार, हे सगळे व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून मागा. आगाऊ रक्कम थोडीच द्या आणि पाठवण्यापूर्वी समोर दिसणारे नाव मालकाचेच आहे ना ते पाहा. पैसे परत देण्याच्या नावाखाली कोणी पिन टाकायला सांगितले तर समजून जा. पैसे मिळवण्यासाठी पिन लागत नाही. फसवणूक झालीच तर लाजेने गप्प न बसता लगेच १९३० वर कळवा. ओळखपत्र म्हणून आधार द्यायचे असेल तर फक्त शेवटचे चार आकडे दिसणारी प्रत चालेल का, हे विचारा. परदेशी पासपोर्टवरचा नातेवाईक सोबत असेल तर तेही आधी सांगा; त्याची नोंद २४ तासांत सरकारकडे करणे यजमानाला बंधनकारक आहे.

तारखाही पाहून निघा. होळीच्या सुमारास सैलानीची यात्रा, १२ जानेवारीला सिंदखेडराजाचा जिजाऊ जन्मोत्सव आणि माघात शेगावचा प्रकटदिन. या दिवसांत खोल्या मिळणे अवघड आणि भाडे दुप्पट. लोणारला रेल्वे नाही, त्यामुळे शेगाव किंवा मलकापूर स्टेशनवर संध्याकाळी उतरलात तर त्या रात्री तिथेच थांबून सकाळी पुढे जाणे शहाणपणाचे.

शेवटी पाहुण्याची बाजू. सूरह नूरमध्ये दुसऱ्याच्या घरात परवानगी घेऊन आणि सलाम करून जाण्याची शिकवण आहे. जिथे कोणी राहत नाही पण आपले काम आहे, अशा जागी जाण्यास हरकत नाही, असेही पुढे सांगितले आहे; अनेक मुफस्सिरांनी त्यात मुसाफिरखाने आणि सराया धरल्या आहेत. घरगुती मुक्काम या दोन्हींच्या मधला. भाडे दिले म्हणून खोली आपली झाली, पण अंगण, स्वयंपाकघर आणि घरच्यांची झोप त्यांचीच राहते. फजरला उठताना दार हळू लावा, पाणी जपून वापरा, निघताना खोली झाडून द्या. आपल्यानंतर त्याच घरी फोन करणाऱ्या पुढच्या कुटुंबाला होकार मिळणे हे आपल्या वागण्यावरही अवलंबून असते.