श्रद्धांजली पुरे, आधी रात्रीची गाडी थांबवा

रंगकर्मी, निर्माते, आयोजक आणि प्रेक्षकहो,

या आठवड्यात आमच्या मंडळाकडे एका स्मृतिसंध्येची निमंत्रणपत्रिका आली. अभिनेते आनंद अभ्यंकर आणि अक्षय पेंडसे यांच्या आठवणींचा कार्यक्रम, पुण्यात. सोबत आयोजकांचा निरोप होता: कलाकारांना सकाळी सातची शिफ्ट असल्याने कार्यक्रम संपताच साडेअकराला गाडी मुंबईला सुटेल; आणखी कोणी जाणार असेल तर कळवा, दाटीवाटीने बसवून घेऊ. ज्या रस्त्याने ही दोन माणसं नेली, त्याच रस्त्याने, तसल्याच रात्री, त्यांचीच आठवण काढून परतणाऱ्यांना कोंबून न्यायचं! संताप झाला, म्हणून हे पत्रक.

काय घडलं होतं, ते नव्या मुलांसाठी पुन्हा सांगतो. २३ डिसेंबर २०१२, रविवारची रात्र. पुण्यातलं ‘कोकणस्थ’चं चित्रीकरण आटोपून दोघे मुंबईला परतत होते. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर उर्से टोलनाक्याजवळ समोरून येणारा टेम्पो दुभाजक ओलांडून त्यांच्या गाडीवर आला. अभ्यंकर गेले, पेंडसे गेले, पेंडशांचा दोन वर्षांचा मुलगाही गेला. त्याआधी, १२ फेब्रुवारी २००१ ला, वाईहून परतताना याच मार्गावर भाताण बोगद्याजवळ भक्ती बर्वे गेल्या. ‘ती फुलराणी’ गाजवणारी बाई! नोव्हेंबर २०२२ मध्ये कोल्हापूर-सांगली रस्त्यावर हालोंडीजवळ अभिनेत्री कल्याणी कुरळे-जाधव गेली. दर वेळी आपण हॉल घेतो, हार घालतो, दोन मिनिटं उभे राहतो आणि चप्पल घालून घरी जातो.

अभ्यंकर-पेंडसे यांची त्यांच्या अपघातात काहीही चूक नव्हती, हे स्पष्ट सांगतो. रस्ता सुधारणं सरकारचं काम आहे आणि रेट्याशिवाय ते होत नाही. ५ जून २०१६ ला याच द्रुतगती मार्गावर शेडुंगजवळ एक बस बाजूला थांबलेल्या दोन गाड्यांवर आदळली आणि १७ माणसं मेली. त्या एका वर्षात या ९४.५ किलोमीटरच्या रस्त्यावर १५१ बळी गेले. मग ‘शून्य मृत्यू’ मोहीम, दुभाजकाला तारदोरांचे कठडे, धोक्याच्या जागांची दुरुस्ती, असं काम झालं आणि २०१९ मध्ये आकडा ९२ वर आला. म्हणजे माणसं वाचवता येतात. पण ९२ म्हणजे शून्य नव्हे, आणि रस्ता दुरुस्त झाला तरी पेंगलेला ड्रायव्हर दुरुस्त होत नाही. २०२२ मध्ये महाराष्ट्रात रस्त्यांवर १५,२२४ माणसं मेली. त्याच वर्षी देशात पट्टा न लावलेली १६,७१५ माणसं दगावली. त्यातली जवळपास निम्मी चालक नव्हती, नुसती बसलेली होती. अपघातात गेले तेव्हा नेते गोपीनाथ मुंडे मागच्या सीटवर होते, उद्योगपती सायरस मिस्त्रीही मागच्याच सीटवर होते, आणि दोघांनीही पट्टा लावलेला नव्हता. तरीही आपल्याकडे मागच्या सीटवरचा पट्टा गादीखाली खोचलेलाच असतो!

आता आपल्याच घरातली घाण बघू. साडेसहाचा कार्यक्रम सव्वाआठला का सुरू होतो? दीपप्रज्वलन, मान्यवरांचा परिचय, सत्कार, शाल, श्रीफळ, आभार, मग उशिरा आलेल्या नगरसेवकांचा पुन्हा सत्कार. हे पावणेदोन तास कोणाच्या झोपेतून जातात? ड्रायव्हरच्या. तो दुपारी सेटचं सामान उतरवतो, प्रयोगभर गाडीत डुलक्या काढतो, अकराला पुन्हा सामान चढवतो. आणि व्यवस्थापक म्हणतात, ‘त्याची झोप झालीय.’ मोटार वाहतूक कामगारांसाठी दिवसाला आठ तासांची मर्यादा कायद्याने १९६१ सालीच घातली. आपल्या दौऱ्यात ती कोणी पाळलेली पाहिलीय?

‘एका रात्रीचा मुक्काम परवडत नाही’ म्हणणाऱ्यांनी आधी फुलांचं आणि फ्लेक्सचं बिल दाखवावं. ‘एसटीही रात्री धावते’ म्हणणाऱ्यांनी एसटीचा चालक प्रयोगाचं सामान उचलतो का, ते सांगावं. आणि ‘नशिबात असेल ते होतं’ म्हणणाऱ्यांशी बोलायला आम्हाला वेळ नाही.

आमचं मंडळ लहान आहे, पण पडदा वेळेवर उघडण्याबद्दल त्याचं नाव आहे. पाहुण्याला मुक्कामाला ठेवूनच निरोप द्यायचा, हा आमचा जुना शिरस्ता आहे. वर्गणीवर चालणाऱ्या आम्हाला जे जमतं, ते लाखांच्या जाहिराती मिळवणाऱ्यांना जमत नाही, ही शरमेची गोष्ट आहे. म्हणून आजपासून एवढं करा:

१. रात्री दहानंतर संपणाऱ्या प्रयोगाला मुक्कामाची सोय नसेल तर तारीख देऊ नका, घेऊ नका. निर्मात्यांनो, दुसऱ्या दिवशीची सातची शिफ्ट अकराला करा.

२. ड्रायव्हरला सामानाला हात लावू देऊ नका. त्याला प्रयोगाच्या वेळी गाडीत नव्हे, खोलीत झोपू द्या.

३. गाडीत जागा तितकीच माणसं. मागच्या सीटसह सर्वांचे पट्टे लागल्याशिवाय गाडी हलणार नाही. मूल मांडीवर घेऊन पुढे बसणं बंद.

४. द्रुतगती मार्गावर पंक्चर झालं तर गाडीमागे उभं राहून गप्पा मारू नका. इंडिकेटर लावा, कठड्याच्या पलीकडे जा, मदत मागवा. शेडुंग विसरू नका.

५. अपघात दिसला तर १०८ किंवा ११२ ला फोन करा. मदत करणाऱ्याला कायद्याचं संरक्षण आहे. मोटार वाहन कायद्याचं १३४अ कलम त्यासाठीच आहे. ‘पोलिसांचं लचांड नको’ ही सबब संपली. आणि चेपलेल्या गाडीचे फोटो ग्रुपवर टाकणाऱ्याला ग्रुपमधून काढा, मग तो कितीही ज्येष्ठ असो.

६. प्रेक्षकहो, सत्कार लांबले तर टाळ्या वाजवू नका, घड्याळ दाखवा. ‘अजून एक गाणं’ म्हणण्याआधी गाणाऱ्याला कुठवर जायचंय ते विचारा.

७. आपल्या भागातल्या धोक्याच्या वळणांची, तुटक्या दुभाजकांची यादी करून सह्यांनिशी रस्ते विकास महामंडळाकडे आणि आमदारांकडे द्या. पोच घ्या. उत्तर आलं नाही तर पुन्हा जा.

त्या स्मृतिसंध्येच्या आयोजकांना आम्ही कळवलं आहे: कलाकारांच्या मुक्कामाची सोय करा, खोल्यांचा निम्मा खर्च आमचं मंडळ उचलेल. सोय होणार नसेल तर आमचा एकही माणूस त्या हॉलमध्ये पाऊल ठेवणार नाही. इतर मंडळांनीही हीच अट लेखी घालावी. येत्या रविवारी सकाळी दहाला आमच्या तालमीच्या जागेवर बैठक आहे. तिथे भाषणं होणार नाहीत, फक्त अटींच्या पत्रावर सह्या होतील. येताना पट्टा लावून या.

आपले,
कार्यकारी मंडळ