बेचाळीसचे कात्रण आणि चिमूरची साक्ष

मा. संपादक,


गेल्या आठवड्यात याच सदरात एका वाचकांनी चिमूरबद्दल शंका घेतली. 1942 च्या ऑगस्ट-सप्टेंबरमधली काही कात्रणे त्यांनी चाळली. त्यांत चिमूरच्या बायांवर झालेल्या अत्याचारांची बातमी त्यांना सापडली नाही. त्यावरून त्यांनी लिहून टाकले, की या कहाण्या स्वातंत्र्यानंतर रचलेल्या असाव्यात. पत्र वाचून रात्रभर अस्वस्थ होतो. त्यांच्या प्रामाणिकपणावर मला शंका नाही. पण त्या काळचे वर्तमानपत्र कोणत्या हुकुमाखाली छापले जात होते, हे ध्यानात न घेता त्यांनी ते साक्षीला उभे केले आहे.

चिमूर तेव्हा चांदा जिल्ह्यात होते. आम्हा वणीकरांना ते काही परमुलूख नाही. वरोऱ्यावरून पुढे गेले की आलेच. 16 ऑगस्ट 1942, नागपंचमीचा दिवस. पोलिसांनी गोळीबार केला. त्यात बालाजी रायपूरकर हा कोवळा मुलगा गेला, आणि चिडलेल्या जमावाने सरकारी अधिकाऱ्यांना ठार मारले. हे अधिकारीही आपलेच लोक होते, त्यांच्याही घरी बायकामुले होती. ती बाजू लपवावी असे मी म्हणणार नाही. तीन दिवसांनी गोऱ्या सोजिरांची पलटण गावात उतरली. पुरुष धरून नेलेले, घरात उरल्या त्या बाया. पुढे काय झाले ते त्या बायांनी नागपुराहून आलेल्या स्त्रियांना सांगितले, हिंदुमहासभेचे नेते डॉ. मुंजे चिमूरला गेले तेव्हा त्यांनाही सांगितले. म्हणजे या कहाण्या स्वातंत्र्यानंतरच्या नाहीत, त्याच वर्षीच्या आहेत. सरकारने चौकशी नाकारली.

मग कात्रणात का नाही? 8 ऑगस्ट 1942 रोजीच, म्हणजे मुंबईत 'चले जाव'चा ठराव झाला त्याच दिवशी, भारत संरक्षण नियमांखाली हुकूम निघाला होता. चळवळीची बातमी छापायची तर ती सरकारकडून आलेली हवी, किंवा ठरावीक वृत्तसंस्थांची, किंवा सरकारदरबारी नोंद असलेल्या बातमीदाराची. तालुक्याच्या गावचा एखादा मास्तर किंवा दुकानदार फावल्या वेळात बातमी धाडायचा, त्याचे तोंड या हुकुमाने बंद झाले. गांधीजींचे 'हरिजन' बंद पडले. लखनौच्या 'नॅशनल हेराल्ड'ने त्याच महिन्यात अंक थांबवला. जे चालू राहिले त्यांच्या रकान्यांत सरकारी पत्रके, युद्ध आघाडीची आवाहने आणि डिफेन्स सेव्हिंग्ज सर्टिफिकेटच्या जाहिराती उरल्या. फेब्रुवारी 1943 मध्ये सरकारने पुस्तिकाच काढली आणि साऱ्या दंग्यांचे खापर काँग्रेसच्या माथी मारले. ज्यांच्यावर आरोप, ते तुरुंगात. उत्तर कोण देणार?

तुलनेसाठी सिंगापूर पाहा. फेब्रुवारी 1942 मध्ये ते जपान्यांच्या हाती पडले आणि काही दिवसांतच तिथल्या इंग्रजी दैनिकाच्या छापखान्यातून जपान्यांचे पत्र निघू लागले. शहराचे नवे नाव 'श्योनान', तेच पत्राला दिले. वाचणाऱ्याला निदान कळत होते की मालक बदलला. आमच्याकडे पत्राचे नाव तेच, संपादक तोच, टाइपही तोच. सत्ता मात्र परकी आणि बातमी तिच्या चाळणीतून आलेली. म्हणून तर ऐंशी वर्षांनी ते कात्रण पाहून एक सज्जन माणूस फसतो.

आता आमच्या वणीचा संबंध सांगतो, कारण तो मला बोचतो. लोकनायक बापूजी अणे हे वणीचे. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस यवतमाळात 'लोकमत' साप्ताहिक काढणारे, टिळकांचे अनुयायी. 1942 मध्ये ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात होते. गांधीजींच्या सेवाग्राम आश्रमातले प्रा. भन्साळी नोव्हेंबरात त्यांच्या दिल्लीच्या घरी गेले आणि चिमूरची चौकशी करा म्हणून विनवू लागले. अण्यांना ते करता आले नाही. भन्साळी तिथेच उपोषणाला बसले. त्यांना तिथून हलवून सेवाग्रामला आणले, तर ते पायी चिमूरला निघाले. पुन्हा धरून आणले. त्रेसष्ट दिवस अन्न नाही. फेब्रुवारीत गांधीजींच्या उपवासाच्या वेळी अण्यांनी राजीनामा दिला, त्याबद्दल मी त्यांना मानतो. पण नोव्हेंबरातच त्यांनी चिमूरची वाट धरली असती तर, हे मनातून जात नाही.

सरकारने काय केले? भन्साळींच्या उपोषणाची बातमी छापायलाच बंदी घातली. तेव्हा मात्र संपादक उठले. नववर्षाच्या किताबांची यादी छापायची नाही, असे त्यांच्या परिषदेने ठरवले. सरकारी मंडळींची भाषणे आणि लाटसाहेबांच्या बंगल्यावरची पत्रकेही वगळायची ठरली. आणि 6 जानेवारी 1943 रोजी देशभरातल्या पत्रांनी हरताळ पाळून अंकच काढले नाहीत. 12 जानेवारीला उपोषण सुटले, बंदीही उठली. पत्रलेखकांनी हा महिना चाळला असता तर बरे झाले असते.

माझी आजी वरोऱ्याकडची. चिमूरचे नाव निघाले की हातातले सूप खाली ठेवायची आणि आवाज उतरवायची. शाळेत असताना मी तिला एकदा म्हटले, गुरुजी म्हणतात जुन्या पेपरात तसले काही नाही. ती सूप पुन्हा उचलत म्हणाली, "पेपरात नाई आलं म्हून झालंच नाई, असं कोनं सांगितलं तुले?" तांदूळ पाखडणे सुरू झाले, पुढे ती एक शब्द बोलली नाही.

ऑगस्ट आला की आपल्या जिल्ह्यातल्या शाळा-महाविद्यालयांत बेचाळीसच्या कात्रणांची प्रदर्शने लागतात. पुठ्ठ्यावर कात्रण, खाली तारीख, बस. माझी आयोजकांना विनंती आहे. प्रत्येक कात्रणाखाली ती बातमी कुठून आली ते लिहा. सरकारी पत्रक असेल तर तसे लिहा. 8 ऑगस्टचा हुकूम दारातच लावा, म्हणजे पोरे तो वाचून आत जातील. आणि 6 जानेवारी 1943 साठी एक पुठ्ठा कोरा टांगा. त्याच्याखाली भन्साळींचे नाव लिहा, चिमूरचे लिहा.

आपला,
एक वाचक
वणी, जि. यवतमाळ