श्रावणातला हप्ता

२०१५ सालापासून मुद्रा योजनेखाली विनातारण कर्जाची सोय झाल्यावर लहान धंद्याचा ‘प्रकल्प अहवाल’ ही वस्तू तालुक्याच्या गावीही परिचित झाली खरी. परंतु तो अहवाल बहुधा एखाद्या हिशेबनिसाने मागच्या अर्जदाराचे नाव व रक्कम तेवढी बदलून सिद्ध केलेला असतो. मिरची-कांडपाचेच उदाहरण घ्यावे: वर्षाची बेगमी करणाऱ्या गृहिणी कडकडीत वाळवलेल्या मिरच्या, धने, दगडफूल घेऊन फाल्गुनापासून यंत्रापाशी रांग लावतात, आणि मृगाच्या सरी कोसळल्या की तेच यंत्र बहुतांशी स्वस्थ उभे राहते, अहवालात मात्र वार्षिक उत्पन्नाला बाराने भागून प्रतिमास समान प्राप्ती दर्शविलेली असते. कर्जाचा हप्ता, गाळ्याचे भाडे व विजेचे देयक श्रावणातही मुदतीवर हजर होतात. म्हणून नफ्याचे मनोराज्य रचण्यापूर्वी बारा महिन्यांची आवक-जावक स्वतंत्र रकान्यांत स्वहस्ते मांडावी. लागोपाठच्या ज्या महिन्यांत तूट येते तिची बेरीज हीच खेळत्या भांडवलाची किमान निकड होय, आणि हंगामाच्या गल्ल्यातून तेवढी रक्कम निराळी काढण्याची तजवीज ज्या आराखड्यात नाही, तो बँकेने मंजूर केला तरी धंदेवाईकाने स्वतः नामंजूर करावा.