मान म्हणजे खुंटी नव्हे

दोन वर्षांपूर्वीचा मे महिना. लग्नसराई ऐन भरात होती. गेली पस्तीस वर्षे आमच्या तालुक्यातील लग्नांची छायाचित्रे टिपणारे एक गृहस्थ सुनेबरोबर दवाखान्यात आले. वय एकसष्ट, दहा वर्षांचा मधुमेह. सारे त्यांना अण्णा म्हणतात, मीही म्हणतो.

"डॉक्टरसाहेब, काल हातातून चहाचा कप निसटला," ते हसत म्हणाले.

सूनबाई मात्र हसत नव्हत्या. "महिनाभर बाबांना शर्टाची बटणे नीट लावता येत नाहीत. घरात कुणाला बोलले नाहीत. जूनपर्यंतच्या तारखा घेतल्या आहेत ना!"

तपासले, तेव्हा उजव्या हाताची पकड सैल झाल्याचे आणि अंगठा व तर्जनी बधिर असल्याचे आढळले. येथे एक कबुली द्यायला हवी. आधीच्या दोन हंगामांत मान दुखते म्हणून अण्णा माझ्याकडे आले होते. मी मलम दिले, गोळ्या लिहून दिल्या. 'गळ्यात काय अडकवता?' हा साधा प्रश्न मी विचारला नव्हता.

त्या दिवशी विचारला. मुहूर्त आटोपून ते थेट आले होते, सामान गाडीतच होते. आमच्याकडील तान्ह्या बाळांच्या वजनकाट्यावर दोन्ही कॅमेरे, लेन्स आणि फ्लॅशसह ठेवले. काटा चार किलो आठशे ग्रॅमवर थांबला. म्हणजे दीड-दोन महिन्यांचे सुदृढ बाळ! प्रौढ माणसाच्या डोक्याचे वजन साधारण साडेचार ते पाच किलो असते. अण्णा पहाटेच्या हळदीपासून रात्रीच्या वरातीपर्यंत मानेवर जणू दुसरे डोके वाहत होते.

"एकच कॅमेरा नेला तर?" मी सुचवले.

"अंतरपाट दूर होतो तो क्षण पुन्हा येत नाही, साहेब. एकाने मांडव दिसतो, दुसऱ्याने चेहरा. अक्षतांच्या वर्षावात आणि होमाच्या धुरात लेन्स बदलत कोण बसणार?"

त्यांचे म्हणणे रास्त होते. तेव्हा प्रश्न ओझे टाकण्याचा नसून ते नेमके कुठे वाहायचे, हा होता.

गळ्यातला पट्टा अरुंद असतो आणि सगळा भार मानेच्या मागच्या बाजूस पडतो. वजन पुढे लोंबते, मग डोके पुढे झुकते आणि तोल राखण्यासाठी मानेचे व पाठीचे स्नायू अखंड ताणलेले राहतात. एकाच खांद्यावर पट्टा घेतला, तर तो घसरू नये म्हणून खांदा नकळत उचललेला राहतो. हाताकडे जाणाऱ्या नसा मान आणि खांद्याच्या मधल्या भागातून, गळपट्टीच्या हाडाखालून जातात. पट्टा तेथे रुतला की मुंग्या येऊ शकतात. उतारवयात मणक्यांची झीज झालेलीच असते. अण्णांचा आजार केवळ कॅमेऱ्यांमुळे झाला, असे मी म्हणणार नाही; पण झिजलेल्या मानेला हे रोजचे ओझे सोसवले नाही, हे खरे.

एमआरआयमध्ये मानेच्या मणक्यांमधील चकती सरकून नसेच्या मुळावर दाब आल्याचे दिसले. तज्ज्ञांचा सल्ला, विश्रांती आणि फिजिओथेरपी यांमुळे शस्त्रक्रिया टळली. त्या हंगामाच्या उरलेल्या तारखा पुतण्याने सांभाळल्या. पुढच्या हंगामात अण्णा परतले ते पद्धत बदलून. ती पद्धत पाठीला पिशवी लावून हिंडणाऱ्या प्रत्येकाच्या उपयोगाची आहे.

गळ्यातले पट्टे त्यांनी काढून टाकले. दोन्ही खांद्यांवरून येऊन पाठीवर जोडला जाणारा, रुंद आणि मऊ गादीचा हार्नेस घेतला. त्याचे पट्टे मानेला चिकटून नव्हे, खांद्याच्या मध्यावर हवेत. कॅमेरे दोन्ही बाजूंना कमरेच्या हाडापाशी लटकतात. ते गुडघ्यांवर आपटत असतील, तर पट्टे आखूड करावेत. एक कॅमेरा फार जड असेल, तर बाजू अधूनमधून बदलावी. त्याहूनही दुखत असेल, तर कॅमेरा अडकवण्याचा कमरपट्टा मिळतो. भार खांद्यांऐवजी कमरेवर येतो.

जड लेन्सला स्वतःची कडी व पाय असेल, तर हुक तेथेच लावावा, कॅमेऱ्याच्या तळाशी नव्हे. नाहीतर सारा ताण जोडावर येतो. हुकाचा स्क्रू चालता चालता सैल होतो. अण्णा प्रत्येक विधीनंतर तो बोटांनी पिळून पाहतात. शिवाय कॅमेऱ्याला हार्नेसशी जोडणारी एक जादा दोरी ठेवतात. मांडवात लहान मुले पायांत घुटमळत असतात आणि दीड किलोची लेन्स नेमकी त्यांच्या डोक्याच्या उंचीवर झुलते. म्हणून वाकताना आणि गर्दीतून वाट काढताना एक हात लेन्सवर हवाच.

खाली बसायचे तर कंबर न मोडता गुडघे वाकवून बसावे. खुर्चीवर चढणे साठीनंतर टाळलेलेच बरे. व्यासपीठाच्या पायऱ्या चढताना एक कॅमेरा सहायकाकडे द्यावा, म्हणजे कठड्यासाठी हात मोकळा राहतो. छायाचित्र घेताना कोपरे छातीलगत ठेवावीत. हात जितके लांब, तितका खांद्यांवर ताण अधिक. मंगलाष्टके चालू असताना लांबच्या लेन्सला मोनोपॉडचा, म्हणजे एका पायाच्या काठीचा, आधार द्यावा. दर अर्ध्या तासाने दोन मिनिटे सारे उतरवून खांदे सैल फिरवावेत. जेवताना हार्नेस अंगावर नकोच.

घरच्या मंडळींनीही काही गोष्टी पाहाव्यात. मधुमेहाच्या गोळ्या घेऊन दुपारी तीनपर्यंत उपाशी राहणारा माणूस साखर उतरून मांडवातच कोसळू शकतो. खिशात काही खायला आणि जवळ पाणी असू द्यावे. औषधाच्या दुकानातून वेदनाशामक गोळ्या आणून हंगामभर घेऊ नयेत. त्यांनी रक्तदाब वाढू शकतो, मूत्रपिंडास आणि जठरास इजा होऊ शकते. पेसमेकर बसवलेला असेल, तर त्या जागेवर पट्टा येऊ देऊ नये.

आणि काही लक्षणांना 'दगदग झाली' म्हणून सोडून देऊ नये. पकड सैल होणे, बटणे लावता न येणे, चालताना तोल जाणे, लघवी-शौचावरील ताबा सुटणे, यांपैकी काहीही दिसले, तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे. ओझे उचलताना किंवा चढताना छातीत दाटून येणे, जबडा वा हात भरून येणे, दरदरून घाम किंवा धाप, हे मानेचे दुखणे समजून शेकत बसू नये. ते हृदयाचेही असू शकते. तडक रुग्णालयात जावे. मधुमेहींमध्ये छातीत न दुखता केवळ धाप लागू शकते.

अण्णांच्या हाताची पकड पुष्कळशी सुधारली. अंगठ्याच्या टोकाला बधिरपणा उरला आहे. तो जाईलच, असे मी त्यांना सांगितलेले नाही. दोन महिने आधी आले असते, किंवा दोन वर्षे आधी मी विचारले असते, तर कदाचित तोही उरला नसता.

गेल्या महिन्यात एका लग्नात ते भेटले. जड कॅमेरा पुतण्याच्या हाती होता. "अंतरपाटाच्या वेळी मागून घेतो," ते म्हणाले, "बाकी वेळ त्याने वाहावा, मी बघावे."

आपल्या घरातही कुणीतरी काहीतरी वाहत असते. पाण्याचे कॅन असोत, बाजाराच्या पिशव्या असोत, की कडेवरचे नातवंड. आज एकदा ते ओझे काट्यावर ठेवून पाहा आणि ते दिवसात किती वेळ, शरीराच्या कोणत्या भागावर असते, हे विचारा.