दोष कोणाचा हे विचारू नका, तपासणी करून घ्या

गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग लैंगिक संबंधातून पसरणाऱ्या विषाणूमुळे होतो, असे डॉक्टरांनी सांगितले की ऐकणाऱ्या बाईचा चेहरा उतरतो. 'आमच्या घरात तसले काही नाही' असे म्हणून ती तपासणीच टाळते. घरची माणसे तर भलताच अर्थ काढतात. आमच्या मते या रोगाइतकीच ही लाजही घातक आहे.

या विषाणूचे नाव एचपीव्ही. जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सुर हाउझेन यांनी १९८३ साली या कर्करोगाच्या गाठीत त्याचा १६ क्रमांकाचा प्रकार शोधून काढला. या कामाबद्दल त्यांना २००८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. १६ आणि १८ या दोन प्रकारांमुळेच सुमारे ७० टक्के गर्भाशयमुखाचे कर्करोग होतात.

परमा किंवा उपदंश यांच्यासारखा हा संसर्ग सहसा जाणवत नाही. लैंगिक संबंध आलेल्या बहुतेक स्त्री-पुरुषांना तो कधी ना कधी होतो आणि बहुतेकांच्या शरीरातून एक-दोन वर्षांत आपोआप नाहीसा होतो. थोड्या स्त्रियांच्या शरीरात मात्र तो ठाण मांडून बसतो आणि साधारण पंधरा-वीस वर्षांनी कर्करोग उद्भवतो. इतक्या वर्षांनी तो कोणाकडून आला, हे सांगता येत नाही. एकनिष्ठ संसार करणाऱ्या स्त्रीलाही तो होऊ शकतो. त्यावरून तिच्या चारित्र्याचा निवाडा करणे हा निव्वळ अन्याय आहे.

ही मधली वर्षे म्हणजेच रोग अडविण्याची संधी. याचा पुरावा आपल्या मराठवाड्यातच आहे. तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यातील ३० ते ५९ वयाच्या सुमारे १ लाख ३१ हजार स्त्रियांच्या पाहणीचे निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाले. ज्या गटाला एकदाच एचपीव्ही तपासणी देऊ केली, त्या गटात या कर्करोगाचे मृत्यू जवळजवळ निम्म्याने कमी झाले.

म्हणून तिशी ओलांडलेल्या प्रत्येक विवाहित स्त्रीने, काही त्रास नसला तरी, ही तपासणी करून घ्यावी. एचआयव्हीची लागण असलेल्या भगिनींना धोका जास्त, त्यांनी ती अधिक लवकर आणि वरचेवर करावी. संबंधानंतर, दोन पाळ्यांच्या मध्ये किंवा पाळी गेल्यावर रक्त दिसले, अंगावरून दुर्गंधीयुक्त पाणी जाऊ लागले, तर एक दिवसही थांबू नये. नुसते पांढरे जाणे म्हणजे कर्करोग नव्हे, पण ते अंगावर काढणेही बरे नाही. ९ ते १४ वर्षांच्या मुलींना प्रतिबंधक लस देता येते. लस घेतली तरी पुढे तपासणी हवीच.

पतिराजांनो, डोळे तपासायला बायकोला जसे घेऊन जाता, तसेच या तपासणीलाही न्या. संशय घेऊन कोणाचा जीव वाचत नाही, वेळेवर केलेल्या तपासणीने वाचतो.